अंग मोडून येणं, शिंका आणि गाजरगवत: तुमचे अनुभव सांगा

गौरी-गणपती आटोपले की आमच्या घरी शिंका सुरू होतात. पहाटे नाक वाहतं, टाळूला आतून खाज सुटते, आणि दुपारपर्यंत मान-पाठ अशी भरून येते की खुर्चीत बसवत नाही. ताप मात्र नसतो. कातडीवर टोचून करतात त्या चाचणीत गाजरगवताचे पराग निघाले. सोसायटीमागचा मोकळा प्लॉट या दिवसांत त्याच्याच फुलांनी पांढरा झालेला असतो. भारतातली याची पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर बी आलं, असं मानतात.

अंगदुखीचं कारण डॉक्टरांनी नीट समजावलं. नाक चोंदलं की रात्रभर तोंडाने श्वास, झोप तुटलेली, शिवाय शिंकून शिंकून बरगड्या आणि पाठ आखडलेली. तुम्हाला हा त्रास कुठे, कोणत्या महिन्यात होतो? कशाने उतार पडला? सविस्तर लिहा.

इंदापूर
ताई, आमच्याकडं नाकापेक्षा कातडीला जास्त. वडिलांनी जन्मभर खुरपणी केली. पापण्या सुजून डोळे मिटायचे, मानेची आणि कोपराच्या लवणीतली कातडी जाड, काळपट झाली. उन्हात गेले की आग व्हायची. गवताला हात लावायलाच पाहिजे असं नाही. वाळल्यावर त्याचा भुसा वाऱ्यावर येतो, तेवढ्यानंसुद्धा उठतं. आता आम्ही पहिल्या पावसानंतर, फूल यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटतो. रान ओलं असतं तेव्हा सहज निघतं. बांधावर टाकळा माजू दिलाय, तिथं हे फारसं वर येत नाही. जनावरांनाही जपा. म्हशीनं खाल्लं तर दूध कडू लागतं.

रत्नागिरी
आमच्याकडे गाजरगवताचा नाही, ओलीचा त्रास. आषाढ-श्रावणात भिंतींना बुरशी, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, नि मुलाची छाती वाजायला लागते. कापसाची जुनी गादी काढली, अभ्रे-चादरी गरम पाण्यात धुतो. फरक आहे.

न्यू जर्सी
पुण्यात असताना जो त्रास होता, तोच इथे ऑगस्टअखेर उभा राहिला, तेव्हा चक्रावले. इथल्या डॉक्टरांनी रॅगवीडचं नाव घेतलं. ते आणि गाजरगवत एकाच कुळातलं, त्यामुळे एकाची अॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याची होऊ शकते. कडक थंडी पडली की ते मरतं आणि मी सुटते. परागांच्या दिवसांत खिडक्या बंद, बाहेरून आल्यावर आधी अंघोळ, कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत.

नागपूर
एक कळकळीने सांगते. ताप असेल तर अॅलर्जी समजून घरी बसू नका. २००६ साली चिकनगुनियाची मोठी साथ आली तेव्हा आईला सकाळी मूठ वळता येत नव्हती, घोटे सुजलेले. ताप लवकर गेला, सांध्यांचं दुखणं मात्र कित्येक महिने पुरलं. याच दिवसांत डेंग्यूही असतो. म्हणून रक्त तपासल्याशिवाय मनाने दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. डेंग्यूत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो.

नाशिक
मी शिकवते, त्यामुळे झोप आणणाऱ्या गोळ्या परवडत नाहीत. सेटिरिझिन घेतलं की तिसऱ्या तासाला डोळे जड. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉईडचा फवारा दिला. तो शिंक आली की मारायचा नसतो, रोज मारायचा. पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, म्हणून त्यांच्या सल्ल्याने मी हंगामाच्या थोडा आधीच सुरू करते. रात्रीची झोप परत मिळाली तशी पाठही मोकळी झाली. हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा दिलासा.

इंदापूरच्या दादा, गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे सोडतात म्हणे. शाळेच्या मैदानाकडेला उपयोग होईल का? पिकाला त्रास देतात का?

इंदापूर
होईल मॅडम. आमच्या गावठाणात सोडलेत. पानं चाळणीसारखी करून टाकतात, फुलं कमी धरतात. त्यांचं मुख्य खाणं गाजरगवतच, आमच्या पिकाला तरी काही झालं नाही. कोरड्या दिवसांत जमिनीत दडून राहतात, पावसाबरोबर वर येतात. पुढच्या पावसाळ्यात कृषी महाविद्यालयात विचारा. पण पोरांना ते गवत उपटायला लावू नका.