मदत हवी आहे: आकाल्यूक वापरताना यकृतात नको तो उजेड

नमस्कार मंडळी. स्तनाचा कर्करोग यकृतात कसा पसरतो हे मी जिवंत उंदरांत पाहतेय. कर्करोगाच्या पेशींमध्ये आकाल्यूक (उजेड पाडणारं एन्झाइम, म्हणजे ल्युसिफरेज) घातलंय आणि सबस्ट्रेट (ज्यावर ते एन्झाइम काम करून उजेड पाडतं ते रसायन) म्हणून आकाल्युमिन हायड्रोक्लोराइड पोटात टोचते.

काजव्याचं नेहमीचं ल्युसिफरेज सोडलं, कारण ६०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा बराचसा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिनच गिळतं. आकाल्यूक ६५० च्या आसपास उजळतं. २०१८ मध्ये जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेतल्या मियावाकींच्या गटाने याच जोडीने मार्मोसेट माकडाच्या मेंदूतले खोलवरचे न्यूरॉन बाहेरून टिपले. ते वाचल्यापासून मला हेच वापरायचं होतं.

अडचण अशी, की ज्या उंदरात ल्युसिफरेजवाली एकही पेशी नाही, त्यालाही सबस्ट्रेट टोचलं की बरगड्यांखाली एक पट्टा उजळतो. फुप्फुसातल्या गाठी बघणाऱ्यांचं यात फारसं अडत नसेल, पण मला नेमकं यकृतच पाहायचंय! छोट्या गाठी त्या उजेडात बुडून जातात. कंट्रोलचे (म्हणजे ल्युसिफरेज नसलेल्या उंदराचे) आकडे वजा करून छापणं मला पटत नाही, गाठ स्वतः दिसली पाहिजे.

डोस उतरवून कोणी पाहिलंय का? शेपटीच्या शिरेतून दिल्यावर काही फरक पडतो का? की सरळ अँटारेस या दुसऱ्या उजेड पाडणाऱ्या प्रथिनाकडे वळू? त्यात नॅनोल्यूक या ल्युसिफरेजची ४६० ची निळी ऊर्जा नारिंगी-लाल प्रथिनाकडे जाते, पण त्याचं सबस्ट्रेट फ्युरिमाझिन पाण्यात धड विरघळत नाही, आणि सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) नव्याने बनवायची म्हणजे महिने गेले. फ्लुओरोफ्युरिमाझिन (फ्युरिमाझिनचंच बदललेलं रूप) यकृतासाठी वापरलेलं कोणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.