बुत्सुदानापुढची उदबत्ती आणि ख्रिस्ती सून

नागोयाची सून :
सासरच्या बुत्सुदानासमोर, म्हणजे घरातल्या पूर्वजांच्या बौद्ध देव्हाऱ्यासमोर, उदबत्ती लावणारी ख्रिस्ती सून मूर्तिपूजाच करते, असे काल येथे एका गृहस्थांनी लिहिले. ते वाचून गप्प बसवेना. मी वसईची कॅथोलिक, नवरा घरातला थोरला. सासूबाई गेल्यावर त्यांची इहाई आमच्याकडे आली. काळ्या लाखेची वीतभर पाटी आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत त्यांचे मरणोत्तर नाव. भात शिजला की पहिला घास पितळी वाटीत काढून मी तिच्यापुढे ठेवते, प्रार्थना मात्र प्रभूलाच करते. जपानच्या कॅथोलिक बिशपांनी १९८५ साली पूर्वज व मृतांविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिने बुत्सुदान ठेवण्यास आणि उदबत्ती लावण्यास मुभा दिली आहे. वसईत २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, ती कोणाची पूजा असते?

ओसाकाचा प्रोटेस्टंट :
ते लिहिणारा मीच. ती मार्गदर्शिका तुमच्या बिशपांची आहे, आमच्या मंडळीला ती बांधत नाही. मेणबत्ती लावणे वेगळे आणि मृताला जेवण वाढणे वेगळे. शिवाय ही प्रथा घरोघरी रुजली ती निव्वळ मायेने नव्हे; जपानात ख्रिस्ती धर्मावर आलेल्या १६१४ च्या बंदीनंतर आपण ख्रिस्ती नसल्याचा दाखला घराघराला बौद्ध मंदिराकडून घ्यावा लागे. तुमच्याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रुसावर गेले, त्यांनी तडजोड केली नाही.

नागोयाची सून :
संतांना मध्ये ओढू नका. त्यांना जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने मारले, कोणाच्या आईच्या पाटीपुढे हात जोडले नाहीत म्हणून नव्हे. ज्यांच्या पूर्वजांनी मंदिराच्या वहीत नाव ठेवूनच पिढ्यान्‌पिढ्या विश्वास लपवून जपला आणि ज्यांनी स्वतः १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये येऊन तो उघड केला, त्यांना तुम्ही कोणत्या तोंडाने मूर्तिपूजक म्हणणार?

सेंदाईची थोरली जाऊ :
उदबत्तीवर आपण इतके भांडतो, पण भार कोण वाहतो हे कोणी विचारत नाही. जपानच्या नागरी संहितेच्या कलम ८९७ प्रमाणे बुत्सुदान व थडगे इतर मालमत्तेसारखे वाटले जात नाही, प्रथेने विधी चालवणाऱ्या एकाकडे जाते. व्यवहारात तो थोरला मुलगा आणि राबते त्याची बायको. ऑगस्टमध्ये बोनला, म्हणजे पूर्वजांच्या सणाला, धाकटे दीर येतात, हात जोडतात, दोन दिवस राहून निघून जातात. थडग्याचा दगड घासायला, गवत उपटायला आणि भिक्षूंच्या दक्षिणेचे पाकीट भरायला मी असते. आम्ही मंदिराच्या आवारातले थडगे हलवायचे ठरवले, तेव्हा मंदिराने नाते सोडण्यासाठी एवढी रक्कम मागितली की नवरा रात्रभर झोपला नाही. मी ख्रिस्ती नाही, तरीही हेच भोगते.

ओसाकाचा प्रोटेस्टंट :
हे मला ठाऊक नव्हते असे नाही. सासऱ्यांच्या अंत्यविधीत मी धूपाची चिमूट उचलली नाही, तेव्हा मागे उभ्या असलेल्या मेहुणीने माझ्या वाट्याचीही चिमूट निखाऱ्यावर टाकली. सासूबाई पुढे वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. नकार माझा होता, लाज तिने सोसली, एवढे मान्य करतो. भाताचा घास मात्र मला आजही पटत नाही.

नागोयाची सून :
न पटो. बोनला दीर आले की इहाई कोण नेणार, हे त्यांना मी स्पष्टच विचारणार आहे. कोणी नेली नाही तर ती आमच्याकडेच राहील, आणि भाताची वाटीही.