भुताच्या पिक्चरमध्ये शेवटी सगळं उलगडून सांगायलाच पाहिजे का?

फोंडेकर
परवा पणजीत रात्रीचा शो बघितला, नाव घेत नाही कारण काही जणांनी अजून बघितला नसेल. दीड तास अंगावर काटा, बाजूची बाई तर डोळ्यांवर ओढणी घेऊन बसलेली, आणि शेवटी एक म्हातारा पुजारी येतो नि दहा मिनिटं उभा राहून सगळं सांगून टाकतो, आत्मा कोणाचा, कशी मेली, सूड कोणावर. बाईकवरून परत येताना जुने गोवे यायच्या आत भीती गेलेली. बाणस्तारीच्या पुलावर काळोखात मी उद्याच्या ऑफिसच्या कामाचा विचार करत होतो! माझं म्हणणं, सांगूच नका. घरी पोचेपर्यंत तरी ते भूत माझ्या मागच्या सीटवर बसून यायला पाहिजे.

म्हापशेकरीण
अजिबात पटलं नाही. २०१७ चा आपला मराठी 'लपाछपी' आठव. पोटुशी बाई, चहूकडे ऊस आणि ते एकटं घर. सगळ्याच्या मुळाशी मुलगी नको म्हणून केलेलं पाप आहे हे कळतं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. मी स्वतः तेव्हा सातव्या महिन्यात होते, कारण कळल्यावर भीती गेली तर नाहीच, वर रडूही आलं. ते सांगितलंच नसतं तर उसातले ते आवाज नुसते दचकवायला ठेवलेत असं वाटलं असतं. त्या बाईवर काय गुदरलं ते ऐकून न घेता तिला नुसतं घाबरायचं, हे मला जमत नाही.

डिचोलीकर
ताईंशी सहमत. बऱ्याच वेळा लिहिणाऱ्यालाच उत्तर माहीत नसतं, मग 'प्रेक्षकांवर सोडलंय' म्हणतात. पैसे देऊन गेलेल्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

फोंडेकर
लपाछपीचं मान्य. पण 'तुंबाड' बघा, २०१८ चा. त्यातल्या हस्तर या शापित देवाची गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकली, त्याला सोनं मिळालं पण अन्न नाही, म्हणून तो पिठाच्या बाहुलीवर झडप घालतो. शेवटी कोणी काही समजावत बसत नाही. बापलेक त्याचं जास्त सोनं लुटायच्या हावेपोटी एकाच्या जागी ढीगभर बाहुल्या घेऊन खाली उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर! थेटरात माझे हात गार पडलेले. नियम आधी सांगा, शेवटी तोच अंगावर येऊ दे.

सत्तरीचा_पोरगा
१९९९ चा 'ब्लेअर विच प्रोजेक्ट' घ्या. शेवटी तळघरात एक पोरगा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा, कॅमेरा खाली पडतो, संपलं. मी म्हटलं हे काय, एवढंच? मग भावाने आठवण करून दिली की सुरुवातीला गावातली माणसं सांगतात, एक खुनी पोरांना दोघादोघांना न्यायचा, एकाला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचा नि दुसऱ्याला मारायचा. ते डोक्यात शिरलं आणि त्या रात्री मी लाईट लावून झोपलो. म्हणजे मला तर समजावल्यावरच भीती वाटली, आता हे कोणाच्या बाजूने धरायचं?

पेडण्याचे_काका
माझं मत फोंडेकरांच्या बाजूने. आजीने देवचार कोण, कुठून आला हे कधीच सांगितलं नाही. तिन्हीसांजेनंतर त्या वडाखालून जाऊ नको, गेलास तर मागे वळून बघू नको, बस. आमच्याकडे वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, नंतर त्यांचे तळ झिजलेले दिसतात असं मोठी माणसं सांगायची. रात्री कोण फिरतो ते विचारायची छाती कोणाची नव्हती. साठी उलटली तरी त्या वडाखालून जाताना मान सरळच असते माझी.

म्हापशेकरीण
काका, पण देवचार गावाचा राखणदार, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, हे तर माहीत होतं ना तुम्हाला? माझ्या आईनेही तेच सांगितलेलं. म्हणून तर तुम्ही वडाखालून जात राहिलात, वाट सोडली नाही. मलाही पिक्चरमधल्या बाईबद्दल तेवढंच हवंय, ती कोण होती. पुढचं नाही सांगितलं तरी चालेल.

फोंडेकर
तेवढं मलाही चालेल ताई, फक्त पुजाऱ्याच्या तोंडून नको. त्या पिक्चरात विहिरीच्या काठावर एक लहान बाळाची कुंची पडलेली दाखवलीय, ओली, दोन सेकंद. पुजारी यायच्या अर्धा तास आधी. मला तिथेच कळलं होतं.