शब्दचर्चा : मोटारगाडीची बांधणी, घडण की जुळणी?

प्रश्न :
विसाव्या शतकाच्या आरंभीच्या उंची मोटारगाड्यांवर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. 'असेंब्ली' या अर्थी मी सर्वत्र 'जुळणी' हा शब्द योजला होता. परंतु 'रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट गाडीची जुळणी डर्बी येथे होत असे' हे वाक्य पुन्हा वाचताना मला खटकले. त्या गाडीच्या वाट्याला आलेले हातकाम या शब्दात मावत नाही, असे वाटते. येथे 'बांधणी' म्हणावे, 'घडण' म्हणावे, की 'जुळणी'च ठेवावे?

प्रतिसाद :
आपल्याला खटकले ते योग्यच आहे, कारण त्या एका वाक्यात तीन निरनिराळी कामे एकत्र आली आहेत. पहिले काम गाडीच्या वरच्या भागाचे. रोल्स-रॉइस कंपनी त्या काळी संपूर्ण गाडी विकत नसे. इंजिन, चाके आणि सांगाडा एवढेच ती तयार करी आणि त्यावरचा डौलदार साज बार्कर किंवा हूपर यांच्यासारखे, मूळचे घोडागाड्या करणारे कारागीर गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे चढवीत. या कामाला 'बांधणी' हाच शब्द शोभतो. आपल्याकडे ट्रकमालक आजही नुसती 'चासी' विकत घेतो आणि 'बॉडी बांधून घेतो'. म्हणजे हा प्रयोग बोलीत जिवंत आहे, तो कोशातून शोधून आणावा लागत नाही.

उरलेली दोन कामे कारखान्यातली, आणि खरा पेच तेथेच आहे. 'जुळणे' आणि 'जुळवणे' ही क्रियापदे आपण वेगळी ठेवतो, पण दोन्हींसाठी बहुधा एकच नाम 'जुळणी' वापरतो. १८९० च्या दशकात पॅरिसच्या पानार ए लव्हासोरसारख्या कारखान्यात भाग आपणहून जुळत नसत, ते जुळवावे लागत. एकाच आराखड्यावरून केलेले दोन दांडे तंतोतंत सारखे उतरत नसल्यामुळे फिटर कानस घेऊन बसे, पहिला भाग दुसऱ्यात बसेपर्यंत घाशी, मग तिसरा त्या दोघांच्या मापाने घाशी, आणि अशा रीतीने पूर्ण झालेली गाडी तिच्या जोडीच्या गाडीपेक्षा किंचित का होईना, वेगळीच निघे. या ठाकूनठोकून बसवण्याला मी 'घडण' म्हणेन. सोनार दागिना घडवतो तेव्हा जे घडते, तेच येथे लोखंडाच्या बाबतीत घडत होते.

याच्या उलट उदाहरण १९०८ सालचे आहे. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स या मोटारशर्यतींच्या ठिकाणी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली कॅडिलॅक या अमेरिकी कंपनीच्या तीन गाड्या पूर्णपणे सुट्या करण्यात आल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले गेले, त्यांतले ८९ भाग काढून घेऊन त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे भाग घातले, आणि नुसते पाने व पेचकस वापरून त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. कानस लावण्यास मुभा नव्हती. तिन्ही गाड्या नंतर ५०० मैल धावल्या आणि कंपनीला त्या क्लबचा ड्यूअर करंडक मिळाला. त्या गाड्या एका सिलिंडरच्या, बेताच्या किमतीच्या होत्या. परंतु कॅडिलॅकचा पुढचा उंची लौकिक याच अचूकपणावर उभा राहिला. कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांनी तरुणपणी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात काम केले होते, आणि कोणत्याही बंदुकीचा भाग कोणत्याही बंदुकीला बसला पाहिजे हा आग्रह अशा शस्त्रागारांतूनच आलेला आहे. येथे भाग जुळत होते. म्हणून 'जुळणी' हा शब्द मी या प्रक्रियेसाठीच राखून ठेवीन.

दुसरा प्रतिसाद :
विवेचन पटले, तरी 'जुळणी'बद्दल माझी एक अडचण आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत बाहेरून आलेले भाग जोडून गाड्या तयार करण्यास आरंभ केला. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनेही कुर्ल्याला सुरुवातीस तसेच काम केले. तेव्हापासून आपल्याकडे 'ही तर नुसती जुळणी, खरे उत्पादन नव्हे' असे म्हणण्याची रीत पडली असावी. कॅडिलॅकच्या त्या पराक्रमाला हा उणावलेला शब्द लावणे मला अन्यायाचे वाटते. 'निर्मिती' का नको?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर :
'निर्मिती' फार व्यापक आहे. त्यात ओतकामापासून रंगापर्यंत सर्व काही येते आणि नेमका भेद पुसला जातो. शिवाय 'जुळणी'चे मराठीतले एक कूळ मोटारीहून जुने आहे, ते छापखान्यातले. पुस्तकाच्या आरंभी 'अक्षरजुळणी' असे छापलेले आपण पाहतो. जुळारी, म्हणजे अक्षरे जुळवणारा कामगार, खणातून 'क'चा कोणताही खिळा, म्हणजे धातूत ओतलेले अक्षर, उचली आणि तो कोणत्याही ओळीत बसे. खिळा घासून बसवण्याची वेळ आली, तर दोष ओतणाऱ्याचा मानला जाई. सर्व नग एकसारखे असणे हेच त्या कामाचे मर्म होते, आणि लेलंड यांना लोखंडात तेच साधायचे होते. १९१३ मध्ये फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती साखळी सुरू झाली आणि पूर्वी साडेबारा तास घेणारा सांगाडा पुढच्या वर्षी ९३ मिनिटांत उभा राहू लागला, तोही भाग बिनघासता बसत असल्यामुळेच. ज्या शब्दाने मराठीत छापील पुस्तक घरोघर पोचवले, तो मला उणा वाटत नाही.

मूळ प्रश्नकर्त्याकडून :
दोघांचेही मनापासून आभार. वाक्य आता असे केले आहे : 'सिल्व्हर घोस्टचा सांगाडा मुख्यतः डर्बी येथे घडवला जाई आणि त्यावरची गाडी बाहेरचे कारागीर बांधीत, १९०७ ते १९२६ या काळात इंग्लंड आणि अमेरिका मिळून असे ७,८७४ सांगाडे तयार झाले.' 'जुळणी' हा शब्द कॅडिलॅकच्या प्रकरणापासून पुढे वापरीन. 'सांगाडा' ऐवजी बैलगाडीचा 'साटा' घेता येईल का, हा विचारही मनात आला होता. परंतु साट्यावर माणसे आणि माल प्रत्यक्ष बसतात, मोटारीच्या सांगाड्यावर तसे कोणी बसत नाही, म्हणून तो मोह सोडला.