गाडी गरम झाली की किक घेत नाही : मॅग्नेटची कॉइल की सीडीआय?

1998 ची 100 सीसी फोर-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली, फक्त किक. सकाळी चोक ओढला की लगेच सुरू. पण बाजारात जाऊन पाच-दहा मिनिटं उभी केली की ढिम्म हलत नाही. अर्ध्या तासाने गार झाली की पुन्हा शहाण्यासारखी चालू!

प्लग काढून इंजिनाला टेकवून पाहिला. गार असताना ठिणगी निळी, कडक. गरम असताना पिवळट, कधी नाहीच. प्लग ओला निघतो, म्हणजे पेट्रोल पोचतंय. तरी कार्ब्युरेटर साफ केला, टॅपेट सेट केले, प्लग आणि टोपी नवी घातली. चावीकडून सीडीआयला (ठिणगीसाठी वीज साठवून नेमक्या वेळी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) येणारी बंद करायची वायरही सोडवून पाहिली, फरक शून्य (गाडी बंद करायला मात्र गिअर टाकून क्लच सोडावा लागला). इग्निशन एसीवरचं (थेट मॅग्नेटच्या विजेवर चालणारं) आहे, बॅटरीचा संबंध नाही.

मेकॅनिक म्हणतो, मॅग्नेटची अख्खी प्लेट (जिच्यावर कॉइल बसवलेल्या असतात ती) बदला. ती कोल्हापूरहून आणावी लागेल आणि इलेक्ट्रिकचा माल दुकानदार परत घेत नाही. बदलून बघायला तशी दुसरी गाडी नाही. मल्टिमीटर आहे.

तांब्याची कॉइल 50 अंशांनी तापली की ओहम साधारण 20 टक्के वाढणारच. मग सोर्स (सीडीआयला वीज देणारी) आणि पल्सर (ठिणगीची वेळ सांगणारी) कॉइलचं रीडिंग किती बिघडलं की ती गेली समजायची? आणि दोन्ही ठीक निघाल्या, तर दोष सीडीआयचा की एचटी कॉइलचा (प्लगला जास्त व्होल्टची वीज देणारी) हे नवा पार्ट न घेता कसं ओळखायचं?