मदत हवी आहे: हलव्याला काटा येत नाही

नमस्कार मंडळी. भाच्याच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने घरीच करायचे ठरवलंय. तीळ, साबुदाणा आणि लांबट दाण्यासाठी कलिंगडाच्या बिया घेतल्यात. पाकात दूध घालून मळी काढली, थोडं लिंबू पिळलं. मंद आचेवर पितळी परात, चमचा-चमचा पाक आणि बोटांनी सतत फिरवणं चालू आहे. पुटं नीट चढतात, दाणा पांढराशुभ्र आणि टणक होतो, फोडला तर आतले थरही दिसतात. पण वरून अगदी गुळगुळीत! परदेशातल्या जॉब्रेकर गोळ्या अशाच फिरत्या भांड्यात पुटावर पुट चढवून दोन आठवड्यांहून जास्त काळ करतात, पण त्यांना गुळगुळीतच हव्या असतात. आपल्याला काटा हवा.

मी ठाण्यात राहते, हवा दमट. त्यामुळे काटा अडतो का? पाक एकतारीच ठेवावा की जरा पातळ? पुढचं पुट चढवण्याआधी दाणे किती कोरडे होऊ द्यावेत? पहाटेच्या थंडीत हलवा करणाऱ्यांनी जरूर सांगा. आणि केशर पहिल्या पुटात घालावं की शेवटच्या? विकतचा आणा असं कृपया सांगू नका, बाळाच्या अंगावर घरचाच घालायचाय.