१ पेत्र ४: ख्रिस्तासाठी सोसलेलं कुठलं आणि आपल्या चुकीचं कुठलं?

फोंडेकर:
उपवासकाळातल्या बायबल वर्गासाठी १ पेत्र ४:१२-१९ (पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय ४) घेतलंय. वचन १५ (आपल्या दुष्कर्मामुळे सोसू नका) आणि १६ (ख्रिस्ती म्हणून सोसलं तर लाज नको) यांतला फरक वाचताना सोपा वाटतो, लावताना अडतो. समजा, वाड्यावरच्या लोकांनी पंचायतीची परवानगी न घेता रस्त्याकडेला खुरीस (क्रूस) बांधला आणि तो काढायची नोटीस आली. याला छळ म्हणायचं का?

सांकवाळकर:
नाही, निदान एवढ्यावरून नाही. आधी नोटिशीत आरोप काय आहे ते वाचा. त्याच जागी कुणी गाडा उभा केला असता तरी नोटीस आली असती ना? मग प्रश्न बांधकामाचा आहे. आजूबाजूची तशीच बांधकामं सोडून फक्त खुरसावर बोट ठेवलं असेल, तर पक्षपाताची तक्रार जरूर करा. पण आपली परवानगी नव्हती, हे त्याने पुसलं जात नाही.

वर्गात वचन १५ वर जास्त वेळ द्या. खुनी, चोर, दुष्कर्मी म्हटलं की ऐकणारे निर्धास्त होतात, आपण त्यातले नाही म्हणून. पण त्याच रांगेत पेत्राने दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्यालाही बसवलंय. न बोलावता शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या देवांना नावं ठेवली आणि त्याने बाहेर काढलं, तर ते दुःख वचन १५ मधलं. याच पत्रातल्या ३:१५-१६ प्रमाणे उत्तर द्यायचं ते विचारणाऱ्याला, तेही सौम्यतेने आणि विवेकभाव शुद्ध ठेवून.

बाणावलीवाला:
सहमत. मत्तय ५:११ मध्येही धन्य म्हटलंय ते ज्यांच्याविरुद्ध लबाडीने बोललं जातं त्यांना. आमच्या बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाझ घ्या. डच अमलात पाद्र्यांवाचून राहिलेल्या कॅथलिकांसाठी ते श्रीलंकेत गेले. कँडीच्या राज्यात त्यांना पोर्तुगीजांचा हेर ठरवून कैदेत टाकलं. आरोप खोटा, जाण्याचं कारण खरं. प्रेषित पौलही रोमी राज्यपालापुढे हेच वेगळं करतो (प्रेषितांची कृत्ये २५:११): मरणाला योग्य असं काही केलं असेल तर मी मरण नाकारत नाही, नसेल तर कैसराकडे (रोमी सम्राटाकडे) न्याय मागतो. कायद्याची दाद मागणं विश्वासाला कमीपणा आणत नाही.

मिसळीची प्रकरणं जास्त येतात. रात्री १० नंतर प्रार्थनेचा लाउडस्पीकर चालू राहिला, पोलीस आले आणि वर कुणीतरी धर्मावरून शिव्याही दिल्या. लाउडस्पीकरची चूक आपली, ती आधी कबूल करायची, दंड भरायचा. शिव्या हा वेगळा भाग, तो वचन १६ मध्ये बसतो. क्रम उलटा केला की आपली चूक छळाच्या नावाखाली झाकली जाते.

फोंडेकर:
पटलं. आणि आजारपण?

सांकवाळकर:
ते या दोन खणांत कोंबू नका. योहान ९:३ मध्ये येशू जन्मांध माणसाबद्दल स्पष्ट सांगतो: पाप ना त्याचं, ना आईबापाचं. वर्गात कुणी आजारी असेल तर हे वचन आधीच वाचा, नाहीतर तो घरी जाऊन आपलं पाप शोधत बसेल. आणि चुकीची शिक्षा भोगणाऱ्यालाही दार बंद नाही. लूक २३:४१ मधला, येशूशेजारी क्रुसावर टांगलेला गुन्हेगार 'आमची शिक्षा न्यायाची' असं म्हणतो आणि त्यालाच सुखलोकाचं वचन मिळतं.

वाचनाचा क्रम २:१९-२०, ३:१३-१७, मग ४:१२-१९ असा ठेवा. थेट चौथ्यापासून सुरू केलं तर वचन १६ तेवढं लक्षात राहतं.